बिनकामाचा प्रवास

आमच्या लोकांत प्रवासाला कारण लागतं. लग्न, मंगनी, बाळंतपण, चाळिसावा, ऑपरेशन, कोर्टाची तारीख, पोराची परीक्षा, एखाद्या बुजुर्गाचा उरूस. अल्लाहनं बोलावणं धाडलं तर उमरा किंवा हज. यातलं काहीच नसताना कुणी बॅग भरून निघालं, तर शेजारी दारात येऊन विचारतात, ‘सगळं ठीक आहे ना?’

बिनकामाचा प्रवास ही आमच्याकडे चैन समजतात, आणि चैन ही नेहमी पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायची असते. माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य मिरज जंक्शनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर काढलं. रात्री इंजिनाची शिट्टी ऐकून ते कुठली गाडी आली ते सांगायचे. पण त्यांनी स्वतः रेल्वेचा लांबचा प्रवास केला तो तीनदा. एकदा मुंबईला हॉस्पिटलात, एकदा अजमेरला आणि एकदा भावाच्या मयतीला हैदराबादला. तिन्ही वेळा खिडकीबाहेर काय होतं हे त्यांना कधी सांगता आलं नाही. डोक्यात कारण असलं की डोळ्यांना फारसं दिसत नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सह्याद्री, सातपुडा, कोकणची किनारपट्टी, थळघाट, बोरघाट, पालघाट. नकाशावर लाकडी पट्टी ठेवून किती पोरांना हे दाखवलं त्याची गणती नाही. निवृत्त झालो तेव्हा पेन्शनची कागदपत्रं पुरी व्हायची वाट बघत घरात बसलो होतो. बायको म्हणाली, ‘तुम्ही गावच्या पोरांना देश शिकवला. मला दाखवा की.’

मी लगेच ठिकाणांची नावं घ्यायला लागलो. तिनं थांबवलं. ‘कुठं पोचायचं ते नंतर सांगा. आधी वाटेत काय दिसंल ते सांगा.’

या एका वाक्यानं सगळा हिशेब उलटा झाला. एरवी आपण गाव ठरवतो आणि मग गाडी शोधतो. आता गाडी आधी निवडायची होती, गाव नंतर. आणि एवढ्या मोठ्या देशात खिडकीतून बघायला म्हणून गाडी निवडणं हे मला वाटलं होतं तेवढं सोपं निघालं नाही. आम्ही ती कशी निवडली ते सविस्तर लिहितो. आमच्यासारखे आणखी कुणी असतील, त्यांच्या उपयोगी पडेल.

सगळ्यांत आधी डोळ्यांसमोर आली ती विवेक एक्स्प्रेस. आसामातल्या दिब्रुगडहून कन्याकुमारीपर्यंत साधारण ४,२०० किलोमीटर. भारतातली सगळ्यांत लांब पल्ल्याची गाडी. २०११ मध्ये सुरू झाली. नागालँडच्या दिमापूरला स्पर्श करते, गुवाहाटीवरून बंगालात उतरते, मग ओडिशा, आंध्र, तमिळनाडू, केरळ आणि शेवटी परत तमिळनाडू. दुसरी हिमसागर एक्स्प्रेस. जम्मूकडच्या कटऱ्याहून कन्याकुमारीला, साधारण ३,८०० किलोमीटर, वाटेत आपलं नागपूर. पंजाबची शेतं, चंबळच्या घळी, सातपुड्याचं जंगल, कृष्णेचं पात्र, सगळं एका तिकिटात. भूगोलाच्या मास्तराला आणखी काय हवं?

तिसरा विचार काश्मीरचा. २०२५ च्या जूनमध्ये चिनाब नदीवरचा पूल गाड्यांसाठी खुला झाला. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच. फोटो बघून बायको म्हणाली, ‘हा पूल दिसतो तो लांबून. आपण पुलावर असणार, मग आपल्याला पूल कसा दिसंल?’ मला हसू आलं, पण मुद्दा बरोबर होता. देखण्या रेल्वेमार्गांचे फोटो गाडीच्या बाहेर उभं राहून काढलेले असतात. आत बसलेल्या माणसाला कमान दिसत नाही, खालची दरी दिसते. बोगदा बाहेरून सुंदर असतो, आतून नुसता काळोख. तेव्हा फोटो बघून गाडी निवडायची नाही, हे पहिलं ठरलं.

दुसरं ठरलं ते वेळापत्रक आणि सूर्य शेजारी शेजारी ठेवल्यावर. मी आलेखाच्या कागदावर प्रत्येक गाडीची एक पट्टी काढली. एक चौकोन म्हणजे एक तास. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा एवढे चौकोन पेन्सिलीनं काळे केले. मग त्या पट्टीखाली वाटेतल्या गावांची नावं लिहिली. तीन दिवस चालणाऱ्या गाडीचा निम्मा देश झोपेत जातो, हे तेव्हा ठळक दिसलं. नाव गाजलेलं असलं तरी घाट मध्यरात्री येत असेल तर त्या गाडीचा आपल्याला उपयोग नाही. आणि जिचं नाव कुणाला माहीत नाही अशी एखादी आठवड्याची गाडी नेमकी उजेडात घाट उतरत असेल, तर ती आपली.

तिसरी गोष्ट ऋतूची. घाटातले धबधबे बघायचे तर पावसाळा. पण कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, दरडींच्या भीतीनं गाड्या हळू चालवतात, आणि साध्या डब्यात पाऊस आला की खिडकीची पत्र्याची झडप खाली ओढावी लागते. मग बघायचं काय? उन्हाळ्यात झडप उघडी असते, पण डोंगर करपलेले असतात. पाऊस नुकताच ओसरलेला, ओढे अजून वाहते आणि ऊन स्वच्छ, असे दिवस हवे होते. म्हणजे ऑक्टोबर.

असं करत करत बोट येऊन थांबलं ते घरच्याच स्टेशनावर. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा मिरजेवरून जाते. बेळगाव, लोंढा करत ती सकाळच्या उजेडात कॅसल रॉकचा घाट उतरून गोव्यात येते, मडगावला कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते आणि दिवसभर किनाऱ्यानं दक्षिणेकडे जाते. घाट सकाळी, खाड्या दुपारी, मंगळूरच्या पुढचा किनारा तिन्हीसांजेला. आमच्या पट्टीवरचे काळे चौकोन नेमके अशा ठिकाणी पडत होते, जिथं आम्ही झोपलो असतो तरी चाललं असतं. रात्री कोळिकोडला उतरायचं. येताना पालघाटच्या खिंडीतून कोइम्बतूर, आणि तिथून बंगळूर, गुंतकल, सोलापूर करत घरी. सगळ्या द्वीपकल्पाला एक वेढा.

चौथा प्रश्न डब्याचा. एसी डब्यात गादी बरी, गर्दी कमी, फेरीवाले कमी. पण काच बंद. आणि ती काच पिवळट, बाहेरून धुळीचे ओघळ आलेली. साध्या स्लीपरमध्ये खिडकी उघडते. वारा येतो, ओल्या मातीचा वास येतो, स्टेशनवरच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. बायकोचे गुडघे दुखतात, माझी पाठ. ज्येष्ठांना तिकिटात जी सवलत मिळायची ती करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे. ठरलं असं: जाताना स्लीपर, दोन्ही खालचे बर्थ. येताना एसी, कारण तोवर बघून झालेलं असेल. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. मी त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच चष्मा पुसून बसलो.

इथवर सगळं भूगोलाचं होतं. मग मुलाचा फोन आला.

तो पुण्यात नोकरी करतो. म्हणाला, ‘अब्बा, विमानानं जा. मी तिकीट काढतो.’

‘विमानातून काय दिसतं?’

‘ढग.’

‘मग?’

तो थोडा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, ‘अब्बा, मी का म्हणतोय ते तुम्हाला माहीत आहे.’

माहीत होतं. ३१ जुलै २०२३ ला जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे संरक्षण दलाच्या एका जवानानं गोळीबार केला. त्यात त्याचा वरिष्ठ अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एका वयस्कर मुस्लिम माणसाला, डब्यात कुठलं मांस आहे म्हणून, बाकीच्या प्रवाशांनी मारलं. लेकीकडे निघाला होता तो. त्याचा व्हिडिओ आमच्या घरातल्या प्रत्येक फोनवर आला होता. माझ्याच वयाचा माणूस. अंगावर शर्ट-पायजमाच असता तर कदाचित कुणी विचारलंही नसतं, असं आमच्यातलेच लोक बोलत होते.

मी मुलाला गणित सांगितलं. या देशात रोज जवळपास दोन कोटी माणसं रेल्वेनं प्रवास करतात. त्यात आपल्या समाजाची लाखो. सगळी सुखरूप घरी पोचतात. तो म्हणाला, ‘अब्बा, दोन कोटींत माझे आईबाप दोनच आहेत.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

बातमी भाऊबंदांत पसरली आणि सल्ले येऊ लागले. दाढी थोडी बारीक करा. टोपी बॅगेत ठेवा. भाभींना म्हणावं, बुरख्याऐवजी साडी आणि अंगभर पदर घ्या, आपली आजी घ्यायचीच की. फोनवर सलाम मोठ्यानं करू नका. डब्यात मटण नको, अंडीसुद्धा नको. कुणी राजकारणावर बोलायला लागलं तर झोपेचं सोंग घ्या. एसी टू टिअरचं तिकीट काढा, तिथं पडदा असतो.

यातला एकही सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. सगळे प्रेमापोटी होते आणि काही अनुभवातून आलेले. पण सगळे एकापुढे एक ठेवले की त्यांचा अर्थ एकच निघत होता: दिसू नका. आम्ही देश बघायला निघालो होतो आणि आम्हाला सांगितलं जात होतं, देशाला दिसू नका.

जो तरुण पोरगा नोकरीच्या गावी जाताना दाढी उतरवतो, किंवा जी पोरगी स्टेशनात शिरताना हिजाब काढून पर्समध्ये ठेवते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांना रोज त्याच गाडीनं जायचं असतं. रोजच्या लढाईची सक्ती दुसऱ्यावर करायचा हक्क कुणालाच नाही. पण आमचं तसं नव्हतं. आम्हाला कुठं वेळेत पोचायचं नव्हतं, कुणाला खूश ठेवायचं नव्हतं. प्रवास मुळात बिनकामाचा होता. मग तोही जर अंग चोरून करायचा, तर केला कशाला?

बायकोचं म्हणणं याहून साधं होतं. ती पस्तीस वर्षं बुरखा वापरते. ‘मला खिडकीबाहेर बघायचंय,’ ती म्हणाली. ‘त्यांना माझ्याकडं बघायचं असलं तर बघू देत. मी थोडीच त्यांच्याकडं बघणाराय?’ डब्याचं तिनं वेगळं ठरवलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, खजूर. मटण नाही. जावेनं विचारलं, ‘भीती वाटली ना?’ ही म्हणाली, ‘भीती कसली? एवढ्या उकाड्यात दिवसभर टिकंल का ते?’

मुलाशी तह झाला. दर दोन तासांनी लोकेशन पाठवायचं, रात्री दोघांनी एकदम झोपायचं नाही, आणि काही वावगं वाटलं तर १३९ ला फोन करायचा. मी सगळं कबूल केलं. त्याची काळजी खोटी नव्हती. तिला मान द्यायचा, पण गाडी तिनं ठरवायची नाही, एवढाच माझा आग्रह होता.

मिरजेहून निघालो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. घटप्रभेच्या आसपास फटफटलं. बेळगावनंतर जमिनीचा रंग बदलत गेला. आपल्याकडची काळी माती तांबूस होत गेली आणि ऊस मागं पडून भात दिसायला लागला. मी हे बायकोला सांगणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘माती लाल झाली बघा.’ नकाशावर ही रेषा काढायला मी पोरांना अर्धा तास घेत असे.

लोंढ्याच्या पुढे कॅसल रॉक. १९६१ पर्यंत हे सरहद्दीचं स्टेशन होतं, कारण घाटाच्या खाली पोर्तुगिजांचा गोवा होता. इथून खाली कुळेपर्यंत सव्वीस किलोमीटरचा उतार आहे. दर ३७ मीटरला एक मीटर उतार, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावतात. पोर्तुगिजांच्या काळात, १८८० च्या दशकात हा मार्ग झाला. गाडी इतकी सावकाश चालते की रुळाशेजारच्या शेवाळाकडे निवांत बघता येतं. बोगदा, दरी, परत बोगदा. आणि मग एका वळणावर दूधसागर. तीनशे मीटरहून उंच कड्यावरून पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं, आणि मधल्या एका टप्प्याच्या ऐन समोरून रुळाचा पूल जातो. सगळा डबा एका बाजूला झुकला. पोरं, बायका, टीसी, चहावाला. पाण्याचे तुषार खिडकीतून आत आले. बायकोनं चेहऱ्यावरचं नकाब वर केलं आणि तोंड त्या तुषारांत धरलं. एसीची काच असती तर आम्ही फक्त धबधबा बघितला असता.

मडगावला इंजिन एका टोकाचं सोडवून दुसऱ्या टोकाला लावलं. गाडी उलटी निघाली आणि आमची बाजू डोंगराची झाली. समुद्राची बाजू समोरच्यांकडे गेली. आरक्षण करताना ‘कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची’ यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्याचा काही उपयोग नसतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. बाजू इंजिनावर ठरते, आणि त्याहून जास्त शेजाऱ्यांवर.

शेजारी बेळगावकडचं एक कुटुंब होतं, उडुपीला निघालेलं. त्यांतल्या आजोबांनी बराच वेळ आमच्याकडे बघून विचारलं, ‘कुठल्या दर्ग्याला निघालाय?’ प्रश्नात खोच नव्हती. बुरखा आणि दाढी लांबच्या गाडीत दिसली की दर्गा हेच कारण त्यांना माहीत होतं.

‘दर्ग्याला नाही,’ बायको म्हणाली. ‘बघायला निघालोय.’

‘काय बघायला?’

‘हेच.’ तिनं खिडकीकडे हात केला.

आजोबांना ते पटायला थोडा वेळ लागला. त्यांनाही प्रवासाला कारण लागत असणार. त्यांचं कारण उडुपीचा कृष्ण होता. मग ते उठले आणि म्हणाले, ‘मग इकडं बसा की. आम्ही काय, दरवर्षी येतो.’ ती समुद्राकडच्या खिडकीत जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत. यातून मी मोठा निष्कर्ष काढत नाही. त्याच डब्यात दोन पोरं होती, जी आमच्याकडे बघून एकमेकांच्या कानात काहीतरी बोलून हसत होती, आणि ते मला दिसत होतं. एका डब्यात दोन्ही असतं.

कोकण रेल्वेबद्दल एक खरं सांगायला हवं. गाडी समुद्राच्या कडेनं जाते अशी कल्पना करून कुणी बसलं तर निराश होईल. रूळ बहुतेक ठिकाणी किनाऱ्यापासून आत आहेत. दिसतात त्या नद्यांच्या रुंद खाड्या. कारवारजवळ काळी, पुढे गंगावळी, अघनाशिनी, आणि होन्नावरला शरावती. शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. गाडी पुलावर आली की दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, लांबवर नारळाची रांग आणि त्यापलीकडे समुद्राचा उजळ पट्टा.

होन्नावरला माझ्यातला मास्तर जागा झाला. इब्न बतूता चौदाव्या शतकात या गावात येऊन गेला होता. हाच तो माणूस, जो आपल्या दौलताबादलाही राहून गेला. त्यानं आपल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे की या गावात मुलांसाठी तेवीस आणि मुलींसाठी तेरा शाळा होत्या, आणि असं त्यानं दुसरीकडे कुठं बघितलं नव्हतं. मी हे बायकोला सांगितलं. तिचं शिक्षण सातवीत थांबलं, कारण गावात पुढची शाळा नव्हती आणि बाहेरगावी मुलीला धाडायचं कारण कुणाला सापडलं नाही. ती पुलाच्या शेवटापर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तेरा?’

दुपारी जोहरची वेळ झाली. मुसाफिराला चारऐवजी दोन रकात. मार्ग अडवायचा नाही, कुणाला उठवायचं नाही, बसल्या जागी पढायची, हे आमचं आधीच ठरलं होतं. किबला कुठं, म्हणून मी फोनमधलं होकायंत्र काढलं, आणि मग ते बघायची गरज नाही हे लक्षात आलं. गाडी दक्षिणेला चालली होती. समुद्र उजवीकडे, पश्चिमेला, आणि मक्काही त्याच बाजूला, थोडी उत्तरेकडे. ज्या खिडकीतून ती बघत होती तीच खिडकी. आम्ही दोघांनी आळीपाळीनं तिकडे तोंड करून नमाज पढली. समोरच्या आजींनी आपल्या नातवाला गप्प बसायची खूण केली. मागं तीच दोन पोरं होती. ती काय करत होती ते मी बघितलं नाही.

मंगळूरनंतर सूर्य कलला. कासरगोडच्या आसपास झाडांच्या फटीतून समुद्र दिसायचा आणि जायचा. मग अंधार झाला आणि कागदावरचे काळे चौकोन सुरू झाले. ती झोपली. मी कोळिकोडपर्यंत जागा होतो. मुलाला लोकेशन पाठवत होतो, दारातून कुणी आत आलं की मान वर करून बघत होतो. भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. ती मिरजेपासून आमच्यासोबत होती. पण तिकीट तिनं काढलेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पालघाटची खिंड आली. बत्तीस वर्षं शिकवलेली खिंड. शोरनूरपासून मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. दोन्ही बाजूंनी कडे जवळ येतील, गाडी चिंचोळ्या वाटेतून निघेल, अशी माझी तयारी. पालक्काड गेलं, पुढचं स्टेशन गेलं, भात मागं पडून कोरडी जमीन आणि ताडाची झाडं दिसायला लागली. डोंगर होते, पण दोन्हीकडे लांब, निळसर. खिंड कधी आली आणि कधी गेली ते कळलंच नाही, कारण ती तीसेक किलोमीटर रुंद आहे. नकाशावर ती माझ्या नखाएवढी होती. हे मला पुस्तकानं सांगितलं होतं, पण डोळ्यांनी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर लोकांनी विचारलं, काय आणलं? आम्ही केळ्याचे वेफर्स आणले होते. आणखी काय सांगणार? तांबडी माती, दूधसागरचं पाणी, होन्नावरच्या तेरा शाळा, नखाएवढी खिंड. यातलं काहीच कुणाच्या उपयोगाचं नाही. पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली आहे. आमच्या पिढीला या देशाबद्दल जे माहीत आहे त्यातलं निम्मं बातम्यांतून आलंय, आणि बातम्यांतला देश नेहमी कुणीतरी कुणाला तरी मारत असतो. तो देश खोटा नाही. पण बेळगावच्या पुढं माती लाल होते, हाही तोच देश आहे, आणि त्याच्यावरही आमचा तेवढाच हक्क आहे. तो हक्क वापरला नाही तर हळूहळू तो आपला होता हेच विसरायला होतं. पोरांनाही आपण फक्त बातम्यांतलाच देश देऊन जाऊ.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला बघायची हौस असेल, तर वेळापत्रक उघडा. दिवसाचे तास मोजा, रात्रीचे काळे करा. पाऊस ओसरल्यावर निघा. जमत असेल तर उघडणारी खिडकी घ्या. काळजी करणाऱ्यांचं ऐकून घ्या, त्यांना लोकेशन पाठवा. डब्यात दिवसभर टिकेल तेच न्या.

आमच्याकडे आता भिंतीवर दुसरी पट्टी लागली आहे. दिब्रुगड ते कन्याकुमारी. तीनहून जास्त दिवसांची. वाटेतला कितीतरी भाग अंधारात जातो म्हणून मी अजून कां-कूं करतोय. बायकोनं त्यावरही तोडगा काढला आहे. म्हणते, ‘जाताना जे अंधारात जाईल ते येताना बघू.’